डावा, उजवा

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं स्टिरिओ खोक्यात घातला
आणि म्हणाला, फिटिंगचे सातशे वेगळे, ताई.
मी म्हटलं, फिटिंग मी करीन.
त्यानं माझ्याकडं नाही, अप्पांकडं बघितलं.
अप्पांनी मान हलवली,
हल्ली सगळ्यालाच हलवतात तशी.

रविवारी मंगळवार पेठेत, बोळाच्या तोंडाला गाडी.
दहा नंबरचा पाना. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची,
एवढं आयटीआयवाल्या मावसभावानं बजावलेलं.
मग डॅशबोर्डची पट्टी, नखानं, नंतर उलथन्यानं,
हो, ऑम्लेटच्याच, फडक्यात गुंडाळून.
कट्‌ झालं.
काय मोडलं ते अजून कळलेलं नाही.

स्क्रू वाटीत. वाटी बॉनेटवर.
मुल्लाणींचा अयान टॉर्च धरून उभा,
प्रकाश माझा हात सोडून सगळीकडं.
"काय करालीस गं?"
"उलटं जोडलंस तर पेटंल बघ गाडी."
"माझ्या मेव्हण्याची पेटलीती."
मेव्हणा कुठं राहतो ते सांगून माणूस पुढं जातो.

आत, पोकळीत, आधीच्या मालकाचा संसार:
टोलची पावती, एक रुपया, वेलदोड्याचं टरफल.
पिवळी वायर गाडी झोपली तरी जागी असते,
लाल किल्लीबरोबर उठते,
हे मी रात्री पाठ केलेलं.
समोर मात्र तीन, तिन्ही मळकट तपकिरी.

टेस्टर लावला. अंदाज बांधला. दातांनी सोललं.
कुणाच्या तरी घरात मटणाला फोडणी बसली
तेव्हा मी सीटखाली डोकं घालून
फ्यूज शोधत होते.

किल्ली फिरवली.
निळा उजेड. अयान नाचला.
सांगली केंद्र, गुळाचे भाव,
एवढे खणखणीत की वाटावं, ढेपा आमच्याच डिकीत आहेत.

अप्पा, या. बसा. तपासू.
ते डाव्या सीटवर बसले, नेहमीच्या,
पट्टा लावून, जणू निघायचंच आहे.
बोळात लोक जेवून आडवे झालेले, म्हणून आवाज कमी केला
आणि बॅलन्स पूर्ण डावीकडं नेला. येतंय?
बोट वर.
पूर्ण उजवीकडं नेला.
अप्पा समोर बघत राहिले.
थोड्या वेळानं म्हणाले, "बंद पडलं काय गं?"

बंद नव्हतं.
माझ्या गुडघ्याजवळ दार हलकं थरथरत होतं.
पुन्हा डावीकडं. बोट वर.
उजवीकडं. काही नाही.
वायर तपासली. वायर बरोबर होती.

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं,
ग्राइंडर उजव्या हाताला.
घरात त्यांची खुर्ची भिंतीला लागून,
उजवा कान भिंतीकडं.
मला वाटायचं, वाऱ्याला बसतात.

आणि मी पाच वर्षं
त्यांच्या उजवीकडं बसून गाडी चालवतेय.
रंकाळ्याच्या वळणावर सांगितलं होतं, नोकरी सोडतेय.
कळंब्याजवळ, की सुजितशी आता पटत नाही.
कागलच्या हायवेवर बरंच काही,
काचा वर करून,
बाहेरचा गोंगाट नको म्हणून.
दर वेळी त्यांनी मान हलवली
आणि मला वाटलं, कळलं.
किती समजूतदार आहेत, असं मैत्रिणींना सांगत फिरले.

पॅनेल दाबून बसवलं. एक स्क्रू वाटीत उरला.
बॅलन्स डावीकडं पाच घरं सरकवून ठेवला.
मग उतरले, गाडीला वळसा घातला,
त्यांच्या खिडकीशी वाकले
आणि नेहमीच्याच आवाजात म्हटलं, अप्पा, चहा?

"बिनसाखरेचा," लगेच म्हणाले,
"आणि तो उरलेला स्क्रू कुठला, ते बघ आधी."