कप्तानला कुठं पुरलं

कंबर तलावाच्या काठी, इलाहीचाचा सांगतात.
मिलच्या भोंग्याखाली, म्हणते राजम्मा,
भोंगा झाला की अजून कण्हतो म्हणे.
मिल बंद पडून वीस वर्षं झाली.

पडद्यावर त्यानं सात वेळा पोरं वाचवली,
आम्ही चिल्लर फेकली.
खरा कप्तान नरसय्याच्या मागाखाली
खटखट ऐकत निजायचा,
एका डोळ्यानं आंधळा.

मी एवढंच पाहिलं:
मे महिन्यातली पहाट, हातगाडी,
डाग पडल्यानं विक्रीला न गेलेली चादर,
मोराची नक्षी आत वळवून.
"कुठं?" विचारलं,
तर नरसय्या म्हणाला, "माग चालू कर."

दुपारी तीनच्या खेळाला
कप्तान पुन्हा पुरातून पोहत आला,
काठावर अंग झाडलं.
पहिल्या रांगेत
मी तोंड पुसलं.