पन्नास मेशची जाळी

सकाळी साडेसहाला पडदे उचलायचं काम माझ्याकडे.
हँडल फिरवते, चरखी कुरकुरते,
प्लॅस्टिक हातभर वर सरकतं
आणि रात्रभर कोंडलेली ढोबळी मिरची
माझ्या तोंडावर उसासा टाकते.

मीटर फैयाजने बसवला, ओझरहून येऊन.
पहाटे कर्बवायू आठशे नव्वद.
"रात्री झाडंही आपल्यासारखीच," तो म्हणाला,
"जे टाकतात तेच सकाळी खातात."
दहा वाजता दोनशे साठ.
ऊन डोक्यावर, पानं ताटं मांडून बसलेली
आणि वाढायला काही नाही.

मग जाळी काढा, म्हणाल तुम्ही.
जाळीबाहेर फुलकिडे आहेत.
काळे, टाचणीच्या टोकाएवढे,
कुठल्या बेटावरून, कुठल्या रोपासोबत आले
कुणी लिहून ठेवलं नाही.
गेल्या साली उगल्यांनी अर्ध्या एकरातली झाडं
उपटून जाळली.
तो धूर आमच्याही मीटरवर दिसला.

म्हणून पन्नास मेश.
वारा तिच्यातून रांगत येतो, कोपर खरचटून.
किडा अडवायचा तर श्वासही थोडा अडतो,
हा हिशेब मला नवा नाही.

दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
पिवळं नेसायचं नाही, पांढरी माशी पिवळ्यावर भाळते.
मंदाकिनी लग्नानंतर पहिल्यांदा आली
तेव्हा मानेवर हळद होती अजून.
शेठ म्हणाले, घासून या.
दोन दारांमधल्या त्या खोपटीत
ती ओल्या फडक्याने मान पुसत राहिली.
वरून लढाऊ विमान गेलं,
अख्खं जानोरी थरथरलं,
आणि ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

फडकं मी चिकट कार्डाशेजारी टांगलं.
संध्याकाळी मोजलं. कार्डावर अकरा.
फडक्यावर एक, तीही उडून गेली.
वहीत अकराच लिहिले.

आता दहा वाजले की आम्ही आठ जणी
मीटरच्याच ओळीत काम काढतो.
सुतळी बांधता बांधता बोलतो,
सासवांचं, गॅसच्या टाकीचं,
रामशेजवर कोण कोणाबरोबर दिसलं त्याचं.
सुमनबाई तर थेट मीटरच्या तोंडावर शिवी हासडते.
दोनशे साठ. पासष्ट. ऐंशी.

शेठ आकडा बघून विचारतात, काय केलं गं?
मंदाकिनी मान वर करत नाही.
काही नाही, म्हणते,
वाढलं.