साडेआठ

सुकेशिनीनं दर्यापूरहून पिशवीतून आणले
चार निऑन, पेन्सिलीच्या टोकाएवढे.
आमच्या बोअरचं पाणी खारं;
त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही.
शाळेतून मागून आणलेली कागदपट्टी बुडवली.
निळसर हिरवी. साडेआठ.

मी लिंबू पिळलं.
पट्टी पिवळी झाली, पोरीनं टाळ्या पिटल्या.
सकाळी पाणी जिथल्या तिथं
आणि एक मासा आडवा.

ढोके सर म्हणाले, "नुसतं आंबट काय पाहता?
क्षार पाहा. चुनखडीवरून आलेलं पाणी हे.
लिंबू गिळते, ढेकर देते,
न् पुन्हा तसंच बसते."

मग आरओच्या कॅनमधलं लोटाभर रोज,
बदामाचं एक वाळकं पान.
पाणी चहासारखं झालं, पट्टी हळूहळू उतरली.
कॅनवाला आठ दिवस आला नाही.
उरलेले तिघं
तुळशीच्या बुडाशी.

त्याच टाकीत तेच बोअरचं पाणी भरून
सुकेशिनीनं आरोग्यवाल्यांच्या हौदातले
पाच गप्पी सोडले. मला न विचारता.

आज मोजले. एकवीस.
एक तर मोहरीएवढा, डोळेच डोळे.

लिंबू आता वरणात पिळतो.
डाळ अजून कच्चीच राहते.