चाळीस शब्दांत

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाला
मी बातम्या कापते. कात्रीने. सतरा वर्षं.
सिमेंट कंपनीची एक फाइल, बँकेची एक,
कुणा बिल्डरची तर इतकी जाड की दोरी बांधावी लागते.
आता साहेब म्हणतात, वैतीबाई, कात्रणं कोणी उघडत नाही,
सारांश द्या. इंग्रजीत. चाळीस शब्दांत.

म्हणून मंगळवार-शुक्रवार, साडेसातला,
नौपाड्यात फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
शाइनी टीचर. वय चोवीस, माझ्या भाचीएवढी.
शेजारी अफरोज; त्याला चॅनलमध्ये कॅमेरा धरायचाय.
तो फुटेज लिहितो आणि बाजूला पायाचा पंजा काढतो,
लक्षात राहावं म्हणून.

खालून शेव तळल्याचा वास, फळ्यावर अलेज्ड.
अलेज्ड म्हणजे कथित,
म्हणजे झालंय, पण आम्ही म्हटलेलं नाही.
सोर्स म्हणजे सूत्र.
'सूत्रांनी सांगितले' मी रोज कापते,
पण सूत्र म्हटलं की चेंदणीतलं अंगण दिसतं,
बाबाच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं जाळं
आणि एकेक फाटका डोळा शिवत जाणारी बांबूची सुई.
ते सूत्र काही सांगत नसे. धरून ठेवायचं.

अँकर आला तेव्हा मला हसू फुटलं.
टीचर म्हणाल्या, व्हाय?
कसं सांगू, आमचा नांगर चिखलात जातो,
दिसत नाही, बोलत नाही,
त्याच्या जिवावर वर होडी निवांत.
जमलं एवढंच: माय फादर हॅड वन.
वर्ग हसला.

मग पाच डब्ल्यू.
आमच्याकडे सगळे क.
कोण, काय, कधी, कुठे, का.
क कमळाचा, असं शिकवलं होतं शाळेत.
नीट बघा, त्याच्या उजव्या हाताला गळ आहे.

गृहपाठ: कुठलीही एक बातमी. चाळीस शब्द.

माझ्याकडे एक आहे, फाइलबाहेरची,
पाकिटात, रेशनकार्डाच्या मागे.
पान पाच, खाली डावीकडे, टायरच्या जाहिरातीला चिकटून:
'खाडीत होडी उलटून हिरालाल वैद्य, वय ६०, यांचा मृत्यू.'
वय बरोबर. खाडी बरोबर.
माणूस दुसराच मेला.
भाऊ दोनदा जाऊन आला कचेरीत.
तिथला म्हणाला, छापू.
आईला वाचता येत नव्हतं,
तरी महिनाभर तिने तो पेपर विकत घेतला.

रात्री ओटा पुसला आणि बसले.
पॅसिव्ह व्हॉइसने फार मदत केली.
द बॉडी वॉज फाउंड. कोणी शोधली ते सांगावं लागत नाही:
तीन दिवस, मांडीभर चिखलात, कोळशेतच्या बाजूला, माझा भाऊ.
'का' तेवढा कुठे बसेना.
बाबा म्हणायचा, पोरी, पानी कोनाचा आयकत नाय.
हे अवतरणात घालता येतं का,
सूत्र हयात नसताना?
विचारायचं राहून गेलं.

मोजले. सदतीस.
म्हणजे तीन शिल्लक.
ते मी एकेक अक्षर सुटं करून लिहिले,
छापणाऱ्याला कमी दिसतं असं धरून:
हिराजी पोशा वैती.

शुक्रवारी टीचरनी नावाभोवती लाल गोल केला,
तिथून एक बाण काढला, थेट पहिल्या ओळीपर्यंत.
नाव आधी, म्हणाल्या. लीडमध्ये.
अफरोजने वही ओढून घेतली,
ओठ हलवत वाचली.
पोशामध्ये एस एच ना, विचारलं त्याने.
हो म्हटलं.
तरी परत एकदा तपासलं.