हातचा

फॉर्मवर पत्त्यासाठी तीन ओळी असतात.
मागच्या तीन वर्षांत जिथे जिथे राहिलात ते लिहा, असं छापलेलं.
एफी गेडिसची सात ठिकाणं होती.
पेनचं टोपण दातांत धरून तिनं विचारलं,
"यातली कुठली खरी धरायची?"

डंडी शहर, नोव्हेंबर, चारच्या आतच अंधार,
टे नदीवरचा वारा दार ढकलून रांगेत उभा.
मी काउंटर तीनवर. एकोणतीस वर्षं.
एक कोरा कागद घेतला, फॉर्मला स्टेपल केला,
म्हटलं, सगळी खरी. लिही.

ब्रॉटी फेरी, अकरा महिने.
आर्ब्रोथ, दोनदा, वेगवेगळ्या माणसांकडे.
किरीम्यूर, सहा आठवडे.
एका ठिकाणचा घरक्रमांक तिला आठवेना,
तिथल्या कुत्र्याचं नाव आठवत होतं.

अठरावं लागलं आणि तिला एक खोली मिळाली,
खोलीची किल्ली,
आणि विजेच्या मीटरची वेगळी किल्ली,
कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरून आणायची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं,
पण तिचं अंथरूण अजून दुकानातच होतं.
गुरुवारी येणार होतं.

बेकरीतला पहिला पगार पाकिटात, पाकिटाला पिठाचा वास.
मी सांगितलं ते थोडंच:
भाडं पहिल्या तारखेला जातं, तू झोपलेली असलीस तरी.
पगार अठ्ठाविसाव्याला येतो.
मधले तीन दिवस तू श्रीमंत नसतेस, फक्त तसं वाटतं.
पिन कुणालाही नाही. प्रेमात पडलीस तरी नाही.
ती हसली, पहिल्यांदाच.
आणि बेरीज करताना हातचा घेतात ना,
तसा दर महिन्याला एक हातचा, बाजूच्या खात्यात.
पाच पौंडसुद्धा चालतील.
"कशासाठी?"
ते अजून ठरलेलं नसतं, म्हणूनच.

मार्चमध्ये ती आली ती तणतणत.
"आकड्याच्या आधी ही रेघ कसली?"
वजा चौतीस.
जानेवारीत, महिनाभर फुकट म्हणून, जिममध्ये नाव घातलेलं.
महिना संपला, फुकट संपलं, नाव राहिलं.
"माझे पैसे, मला न विचारता?"
मी स्क्रीन तिच्याकडे वळवला.
बराच वेळ ती स्वतःच्या सहीकडे बघत राहिली,
ओळखीचं माणूस भलत्याच ठिकाणी दिसावं तशी.

हातच्यात वीस होते. ते इकडे आले.
उरलेले चौदा तिनं खिशातून काढले,
नाण्यांत, एकेक करून,
विजेच्या किल्लीसाठी ठेवलेले.
त्या आठवड्यात खोलीत किती अंधार होता
ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

पावती बाहेर आली. तिनं मोठ्यानं वाचली:
"शिल्लक शून्य.
म्हणजे कुणाचं काही देणं नाही."
लोक माझ्यासमोर हजारांवर नाक मुरडून गेलेत,
शून्याची घडी घालून
कुणी पाकिटात जपून ठेवलेली मी पाहिली नव्हती.

आता आमची शाखा बंद होतेय. दारावर कागद लागलाय,
जवळची दुसरी शाखा किती मैलांवर, ते बारीक अक्षरांत.
शेवटच्या आठवड्यात एफी आली.
सोबत एक उंच, अवघडलेला मुलगा,
बाह्या मनगटापर्यंत न पोचणाऱ्या.
"लाखलन. माझा भाऊ," ती म्हणाली,
"किरीम्यूरचा. सहा आठवड्यांचा."
रांगेत ती त्याला दबक्या आवाजात बजावत होती,
जिमवाल्यांपासून लांब राहा,
पिन कुणालाही नाही,
आणि एक हातचा, कळलं का, कशासाठी ते विचारू नकोस.

मी फॉर्म पुढे सरकवला.
तिनं त्या तीन ओळींवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं.
"स्टेपलर आहे ना अजून?
की तोही खोक्यात भरलात?"