पावणेसहा वार

स्क्रँटनमधलं आमचं कापडाचं दुकान
शनिवारी सहाला बंद होतं.
पंधरा मिनिटं उरलेली, तेव्हा मिस्टर झालेस्की आले,
पाव वार फ्लॅनेल हवं म्हणाले.
कॅनरीच्या पिंजऱ्यावरचं पांघरूण फाटलंय,
उजेड आत शिरतो, आणि तो पहाटे तीनलाच गायला लागतो.

ताक्यावर मोजून सहा वार होते. राखाडी.
मी पाव कापला.
ब्रेंडनने चिठ्ठीवर शिल्लक लिहिली:
पाच, शेजारी चिमुकला एक, त्याच्या खाली चार.
मी वाचलं, सव्वापाच.

अर्धा वार कुठे गेला रे?
सतरा वर्षांचं पोर, कान लाल झाले.
सहातून एक गेला, पाव तसाच ठेवला, म्हणाला,
शाळेत असंच काहीतरी होतं.

झालेस्कींकडून तुकडा हातउसना मागितला,
कापला होता तिथेच परत टेकवला.
पाच वार गुंडाळलेले राहू देत,
त्यांना हात लावायचा नाही.
सहावा घे. चार घड्या घाल.
बघ, कापड तेवढंच आहे,
फक्त आता त्यातून देता येतं.

अख्ख्यातून थोडं द्यायचं तर
एक अख्खा आधी मोडावा लागतो,
हे मी बोलले नाही.
त्याने एक घडी उचलून झालेस्कींना दिली
आणि उरलेल्या मोजल्या, बोट लावून,
तीन असून दोनदा.

मला हे कुणी घड्या घालून शिकवलं नव्हतं.
आमच्याकडे वजाबाकी शब्दातच शिवलेली:
पावणेसहा.
कमी किती ते आधी कबूल करायचं,
मग अजून न झालेल्या सहाचं नाव घ्यायचं.

किती वर्षं झाली तुम्हाला इथे?
झालेस्कींनी मार्चमध्येही विचारलं होतं.
पावणेतीस, मी म्हटलं. मराठीतच निघून गेलं.
सांगोल्याकडे पाहुण्याला पावणं म्हणतात,
जास्त असले की पावणे.
त्यांनी मान डोलावली, जणू कळलं,
आणि पाव वार कोटाच्या खिशात घातला.

ब्रेंडन चिठ्ठी खोडत होता.
मी शटर अर्धं ओढलं, तेव्हा आठवलं,
जुन्या पांघरुणाला भोक केवढं पडलंय
ते विचारायचंच राहिलं.
मोठं असेल तर
पाव पुरायचा नाही.