एक पॉइंट चार

स्वान्सीत मार्चमधलं ऊन म्हणजे
चपला न काढताच "निघतो" म्हणणारा पाहुणा.
त्याच्या पाहुणचारासाठी आम्ही तळघरात,
खिडकी नसलेल्या खोलीत,
नायट्रोजनच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसतो.
जाड काळे हातमोजे. हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

पेटीत सिलिकॉनचे ठिपके.
एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणतात,
तर त्यातला सातवा वाटा
यांच्याशेजारी सह्याद्री.

हवेचा यांना भारी ओढा.
जरा फट सापडली की ऑक्सिजन गाठून
परत वाळू व्हायला निघतात.
माहेरही जवळच:
रस्ता ओलांडला की समुद्र,
आणि समुद्राच्या आधी नुसती वाळू, मैलोगणती.

म्हणून अंगावर कार्बनच्या साखळ्या.
दोन वर्षं आम्ही लांब साखळ्या चढवल्या,
बारा-बारा कार्बनांच्या.
ठिपके सुखरूप, शहाणे,
उंच कुंपणांच्या गल्लीतल्या बंगल्यांसारखे.
इकडचा इलेक्ट्रॉन तिकडे
वाटीभर साखर मागायलाही जाईना.

पण दिसायचे काय!
जांभळ्या दिव्यासमोर बाटली धरली
की आत निखारा.
मायनिर दिवा मालवूच द्यायची नाही.
खाडीपलीकडच्या पोलादाच्या भट्टीत
तिच्या बापाने तीस वर्षं हाच रंग पाहिला.
आता भट्टी गार आहे
आणि तो दुपारी कुत्र्याला फिरवतो.

तिला सांगवेना मला,
की हे चमकणं म्हणजे तोटा:
धरलेला उजेड तारेत न उतरता
उधळून परत चाललाय.

मग साखळ्या छाटल्या. बाराच्या सहा.
चौदा नमुने नासले.
पंधराव्याला पॉलिमरच्या शाईत ठिपके कालवले,
काचेवर गरगर फिरवून पसरले,
वाळल्यावर दिव्याखाली धरलं.

काही नाही. काळोख.

मायनिरचा चेहरा उतरला.
मी मीटरकडे बघत होते.
निखारा विझला नव्हता,
त्याने फक्त जवळ ठेवलं नव्हतं काही,
शेजाऱ्याला देऊन टाकलं होतं
परत मिळायच्या आत.

दुपारी इचलकरंजीला फोन.
"किती झालं?"
"एक पॉइंट चार टक्के."
"आधी?"
"एक पॉइंट एक."
पलीकडे मागांची खडखड, बराच वेळ.
"पतपेढीत नऊ मिळतात."
मग, जरा हळू:
"चढतंय ना पण? मग सोडू नको."

जुन्या, लांब साखळ्यांच्या ठिपक्यांची एक बाटली
मायनिरने फेकली नाहीये.
कपाटात मागे आहे, चिठ्ठी नाही, तारीख नाही.
बापाचा सत्तरावा शनिवारी.
जांभळा दिवा दोन दिवस घरी नेऊ का, विचारत होती.
वहीत नोंद न करता
मी हो म्हटलं.